कुलूप नसलेल्या दाराची किल्ली

माझ्या मामाला सगळे कुलूपमामा म्हणतात. त्याला हे नाव आवडतं की नाही हे अजून कुणाला कळलेलं नाही, कारण मामा जवळजवळ प्रत्येक गोष्टीवर फक्त "हं" म्हणतो. पण हं आणि हं यांत फरक असतो, कान नीट लावला तर कळतो. नाकातून आला तर होकार. लांबला आणि शेवटी खाली बसला तर "बघू, पण आशा ठेवू नका". आणि कानस एकदाच लोखंडावरून ओढावी तसा तुटक आला तर विषय संपला, आता चहा प्या आणि घरी जा. मामी म्हणते, "लग्नाआधी हा माणूस बोलायचा बरं का. मी हो म्हटलं आणि ह्याला वाटलं, आता काम झालं."

मामाचं दुकान म्हणजे एका जुन्या इमारतीच्या जिन्याखालची जागा. आत मामा मावतो, किल्ली घट्ट पकडायचा त्याचा वाइस मावतो आणि एक गिऱ्हाईक मावतं, तेही अंगाने बेताचं असेल तर. भिंतभर कोऱ्या किल्ल्या टांगलेल्या आहेत. रस्त्यावरून ट्रक गेला की त्या सगळ्या एकदम किणकिणतात. मामा तेवढा वेळ हातातलं काम थांबवतो. त्या बोलत असताना आपण मध्ये आवाज करणं बरं नव्हे, असं काहीसं त्याच्या चेहऱ्यावर असतं.

दुसरी किल्ली करून द्यायची त्याची एक पद्धत आहे. किल्ली हातात घेतो, उलटसुलट करतो आणि विचारतो, "तुमचं दार कसं उघडतं?" एवढंच. पत्ता नाही, नाव नाही. आणि मग तो गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघतच नाही, हाताकडे बघतो. ज्याचं घर असतं त्याचा हात आपोआप उठतो. एकदा एक आजी आल्या. त्यांना स्वतःच्या गल्लीचं नाव आठवेना, पण मामाने विचारल्याबरोबर त्यांनी उजव्या हाताने किल्ली फिरवल्यासारखं केलं आणि डाव्या कोपराने हवा ढकलली, बगलेत कपड्यांचं गाठोडं असावं तशी. मामाने लगेच कानस उचलली. त्याच आठवड्यात कडक इस्त्रीचे एक गृहस्थ आले. म्हणाले, "कसं म्हणजे? उजवीकडे. म्हणजे, आतल्या बाजूला. साधं दार आहे हो, दारासारखं दार." बोलत खूप होते, पण हात पँटच्या खिशात. मामाने किल्ली परत दिली. तुटक हं.

"का नाही केलीस?" मी विचारलं.

"त्याच्या हाताला ते दार माहीत नाही," मामा म्हणाला. त्या दिवसाचं त्याचं हे सगळ्यात मोठं वाक्य.

दुकानाला लागून एक बोळ आहे आणि बोळाच्या टोकाला आमचं प्रार्थनाघर. घर म्हणायचं, आहे एक खोली. चार बाक, एक सतरंजी, खिडकीत पाण्याचा माठ. आमची माणसं या शहरात मूठभर. प्रार्थना म्हणजे तरी काय, सगळ्यांनी एकत्र गप्प बसायचं. मला लहानपणी वाटायचं, हा धर्म मामानेच काढला असणार.

त्या खोलीच्या दाराला कुलूप नाही. कुलूपच काय, कडी नाही, कोयंडा नाही, आतून बोल्टसुद्धा नाही. आमचे जुने लोक या शहरात पळून आले तेव्हा त्यांना म्हणे बरीच बंद दारं बघावी लागली. म्हणून त्यांनी स्वतःचं दार केलं ते असं केलं. कुणीही केव्हाही यावं, बसावं, जावं. आणि दुसरा नियम असा की आत कोण आलं होतं ते बाहेर जाऊन सांगायचं नाही. तिसरा सोपा, पण सगळ्यात अवघड: त्या उंबऱ्यावर उभं राहून खोटं बोलायचं नाही.

आता गंमत अशी की सगळ्यांसाठी उघडं असलेलं हे दार कुणालाही सहजासहजी उघडत नाही. खाली फुगलंय. मूठ धरून जरा वर उचलायचं, डावा गुडघा खालच्या फळीला टेकवायचा आणि मग खांद्याने ढकलायचं. मामाने ते एकदा रंधून घेतलं, पुन्हा फुगलं. "गावाची दारं लोण्यासारखी फिरतात आणि आपलं हे असं," मामी म्हणते. पण त्यामुळे एक झालं. कुणी नवखं माणूस आलं की दाराशी धडपड सुरू होते, ती मामाला दुकानात ऐकू येते, तो कानस खाली ठेवतो, जाऊन दार उघडून देतो आणि काही न विचारता परत येतो. आमच्यात त्याला द्वारपाल म्हणतात. पगार नाही, पट्टा नाही, गुडघ्याचं दुखणं आहे.

दुपारी मात्र एक माणूस धडपड न करता आत जातो. चौकीवरचे हवालदारकाका. ते आमच्यातले नाहीत. पण त्यांच्या चौकीवर पत्र्याचं छप्पर आहे आणि आमच्या खोलीत गारवा आहे. जेवण झालं की ते बोळात शिरतात, टोपी काढतात, शेवटच्या बाकावर आडवे होतात आणि थोड्याच वेळात दुकानापर्यंत आवाज येतो. सुरुवातीला कानस घासल्यासारखा, मग नळाला हवा आल्यासारखा आणि शेवटी लांबलचक शिट्टी, जशी गाडी सुटली आणि काका फलाटावरच राहिले. सगळ्या बोळाला हे माहीत होतं. कुणी कुणाला बोललं नाही. नियम म्हणजे नियम.

मग दूरच्या कुठल्याशा शहरात स्टेशनात स्फोट झाला. माणसं गेली. आमच्याकडे त्या संध्याकाळी खोलीत उभं राहायला जागा नव्हती, सगळे येऊन गप्प बसले होते. ज्यांनी तो केला ते आमच्यातले नव्हते, आणि ज्यांच्यातले निघाले त्यांच्यातही त्यांना कुणी ओळखत नव्हतं. पण त्यानंतर सुरक्षा हा शब्द असा काही घरात शिरला की चिवट पाहुण्यासारखा जाईचना. शाळेत सुरक्षा, बसमध्ये सुरक्षा, दूधवाल्याच्या ओळखपत्रात सुरक्षा. आणि एका सकाळी सुरक्षा विभागाचे साहेब हवालदारकाकांना घेऊन बोळात आले.

साहेब तरुण होते, स्वच्छ होते आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी "नोंद घ्या" म्हणायचे. काकांच्या हातात वही नव्हती की पेन नव्हतं, पण ते प्रत्येक वेळी मान हलवून "घेतली साहेब" म्हणायचे.

"आदेश आहे," साहेब म्हणाले. "लहान समाजांच्या सगळ्या प्रार्थनास्थळांची दुसरी किल्ली चौकीत जमा करायची. पोलिसांना केव्हाही आत जाता आलं पाहिजे. शिवाय येणाऱ्यांची नावं. नोंद घ्या."

"घेतली साहेब."

"मोठ्यांना नाही का?" मामाने विचारलं.

"कुठले मोठे?"

"चौकातलं. पुलाजवळचं."

"त्यांचा प्रश्न वेगळा आहे," साहेब म्हणाले. कसा वेगळा ते त्यांनी सांगितलं नाही. त्यांचा चेहरा मात्र जरा असा झाला की ते त्यांनाही कुणी सांगितलं नसावं.

मामा म्हणाला, "किल्ली नाही."

"नसेल तर करा. तुमचा धंदाच तो आहे."

"कुलूप नाही."

साहेब हसले. मग बघितलं की समोरचा हसत नाहीये. "कुलूपवाल्याच्या दाराला कुलूप नाही," ते सावकाश म्हणाले, वाक्य आपल्याला नीट बसतंय का ते बघत. "मग कुलूप बसवा आणि त्याची किल्ली द्या. पुढच्या सोमवारपर्यंत. नाहीतर आम्ही आमचं कुलूप घालू, वर सील. आणि कोण कोण येतं इथे?"

"येतो तो येतो."

"नावं विचारतोय मी."

"हं," मामा म्हणाला. तुटक.

त्या वेळी हवालदारकाका साहेबांच्या मागे उभे होते. मामाने एक नाव जरी घेतलं असतं, तरी खरेपणाने सुरुवात करायची तर ती त्यांच्यापासूनच करावी लागली असती. काकांनी टोपी काढून कपाळ पुसलं, परत घातली, परत काढली.

साहेब जाता जाता वळून म्हणाले, "तुमचा कुलूपदुरुस्तीचा परवाना नूतनीकरणाला माझ्याच टेबलावर आलाय. सहज आठवलं."

आमच्यात एक वकीलताई आहेत. बोलतात तेव्हा दर दोन वाक्यांनी चष्मा वर सारतात, सारायची गरज नसली तरी. त्या संध्याकाळी त्या मामाकडे स्वयंपाकघरात येऊन बसल्या. मामी कांदा चिरत होती.

"ऐका," वकीलताई म्हणाल्या. "आदेश चुकीचा आहे. तीनच समाजांना लावलाय, बाकीच्यांना नाही. एवढ्यावरच तो टिकायचा नाही. मी अर्ज केलाय कोर्टात. पण तारीख लागायला वेळ जातो. तोवर खोली सील झाली तर ती उघडून घेताना माझे केस पांढरे होतील. म्हणून आत्ता तुम्ही कुलूप लावा, किल्ली द्या. आपण जिंकलो की काढून टाका. तुमचं काम किती वेळाचं?"

"चहा गार व्हायच्या आत होईल," मामीच म्हणाली. "सांगा त्याला. परवाना गेला तर मी काय कुलपं शिजवू?"

मामाने नखातली लोखंडाची पूड काढायला घेतली. वकीलताई थांबल्या. मामी कांदा चिरायची थांबली. आमच्याकडे गप्प बसायची सगळ्यांना सवय आहे, त्यामुळे अशा वेळी कुणी घाईघाईने काहीतरी बोलून वेळ मारून नेत नाही.

"मागच्या गल्लीतली मी केली होती," मामा शेवटी म्हणाला.

मागच्या गल्लीत दुसऱ्या एका लहान समाजाचं प्रार्थनाघर आहे. त्यांच्या दाराला पहिल्यापासून कुलूप होतं, म्हणून त्यांच्यावर आदेश आधी आला. त्यांची किल्ली घेऊन सुरक्षा विभागाचा एक शिपाई मामाकडे आला होता. मामाने नेहमीचा प्रश्न विचारला, दार कसं उघडतं. शिपायाने हात पाठीमागेच ठेवला आणि दुसऱ्या हाताने कागद पुढे केला. कागदावर शिक्का होता. मामाने किल्ली करून दिली. पुढच्याच आठवड्यात ते लोक सकाळी आले तेव्हा बाकं उलटी पडली होती, कपाटातलं सगळं जमिनीवर होतं आणि ज्या चटईवर ते अनवाणी बसतात तिच्यावर बुटांचे ठसे. काही सापडलं नाही. सापडलं नाही असं कुणी येऊन सांगितलंही नाही.

"त्याच्या हाताला दार माहीत नव्हतं," मामा म्हणाला. "मी बघितलं होतं. तरी केली."

"अहो, तो सरकारी आदेश होता," वकीलताई म्हणाल्या.

"हं."

"आणि तुम्ही नसती केली तर बाजारातल्या त्या झटपटने केली असती."

"मग ती त्याने केली असती."

मामीने कांदा कढईत टाकला. कांद्यामुळे असेल, तिचे डोळे भरले होते. "करू नकोस मग," ती म्हणाली. "पण सोमवारी मी पण येणार. एकट्याने जाऊन तिथे हं हं करत उभा राहशील."

झटपट म्हणजे बाजारातला दुसरा कुलूपवाला. त्याच्या दुकानाच्या पाटीवरच तसं लिहिलंय, त्यामुळे त्याचं खरं नाव त्याच्या बायकोलाच माहीत असेल. मामाचं आणि त्याचं वर्षानुवर्षं पटत नाही. मामाच्या मते तो किल्ली घासत नाही, कुरतडतो. त्याच्या मते मामा किल्ली करत नाही, पोटच्या पोरीसारखी वाढवतो. झटपट बोलतोही तसाच, शब्दांची शेपटं गिळून. "होतंयहोतंय, झालंचसमज, पुढचंकोण."

सोमवारी साहेब आले ते झटपटला घेऊनच. त्याच्या खांद्यावर ड्रिलची पिशवी, हातात नवा कोयंडा आणि सरकारी कुलूप. मामाकडे बघून त्याने नजर खाली घातली. मामी आली होती, मी होते, वकीलताई अर्जाची प्रत छातीशी धरून उभ्या होत्या. आमची बाकीची माणसं बोळात भिंतीला टेकून रांगेत उभी होती, अगदी गप्प. कुणाच्या घोषणा नाहीत, काही नाही. साहेबांना त्याचंच जास्त दडपण आलेलं दिसत होतं. ओरडणाऱ्या माणसांचं काय करायचं ते शिकवलेलं असतं.

"आत कुणी नाही ना, ते आधी बघू," साहेब म्हणाले आणि त्यांनी दार ढकललं.

दार हललं नाही.

ते मूठ फिरवायला गेले. मूठ फिरत नाही, ती नुसती धरायला आहे. त्यांनी ओढून बघितलं. पुन्हा ढकललं, या वेळी दोन्ही हातांनी. मग मामाकडे वळून म्हणाले, "कुलूप नाही म्हणता आणि आतून बंद केलंय? कोण आहे आत?"

"कुणी नाही."

"मग हे उघडत का नाही?"

मामा पुढे व्हायच्या आत हवालदारकाका पुढे झाले. त्यांनी काही विचार केला असेल असं वाटत नाही. उन्हात उभे होते, साहेब वैतागले होते, आणि समोर रोजचं दार होतं. काकांनी मूठ धरून जरा वर उचललं, डावा गुडघा खालच्या फळीला टेकवला, खांदा लावला. दार उघडलं. वर त्यांचा उजवा हात टोपीकडे गेला आणि त्यांनी ती काढून बगलेत मारली, रोज मारतात तशी.

मग ते जागीच थिजले.

मी मामाकडे बघितलं. मामा काकांच्या हाताकडे बघत होता. त्याच्या तोंडातून एक हं निघाला, तो मी आधी कधी ऐकला नव्हता. मऊ.

साहेब काकांकडे बघत राहिले. ते हुशार होते, हे कबूल करायला हवं. पण आधी ते खोली बघायला वळले. आत डोकावले, माठ बघितला, बाकांखाली वाकून बघितलं, बाहेर आले. "कोयंडा बसवा," झटपटला म्हणाले.

झटपटने पिशवी खाली ठेवली. चौकटीवर बोट आपटून बघितलं, कान लावला, तोंड वाकडं केलं. आणि त्याच्या आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच तो सावकाश बोलला.

"साहेब, हे लाकूड गेलंय. आतून भुसा आहे. ह्यात स्क्रू धरणार नाही. मी बसवीन, उद्या गळून पडेल, मग तुम्ही मलाच धरणार."

ते लाकूड दगडासारखं आहे. मला माहीत होतं, झटपटला माहीत होतं, बोळातल्या मांजरीलाही माहीत असेल. भिंतीशी उभ्या असलेल्या माणसांत एक श्वास सुटल्यासारखा झाला. वकीलताईंनी चष्मा वर सारला. झालं, वाचलो.

साहेब मामाला म्हणाले, "खरं आहे का हे?"

मामा उंबऱ्यावर उभा होता.

मामीने त्याच्या सदऱ्याची बाही मागून धरली. मला दिसलं. तिने ती ओढली पण.

"लाकूड चांगलं आहे," मामा म्हणाला. "धरेल."

"अरे गप की, म्हाताऱ्या," झटपट पुटपुटला.

"मग तुम्हीच बसवा," साहेब म्हणाले.

"नाही."

"का?"

मामाने तेव्हा जे उत्तर दिलं ते त्याच्या मानाने भाषणच होतं. तेही सगळं एकाच पट्टीत, गिऱ्हाइकाला कुलपाची तक्रार समजावून सांगावी तसं. "साहेब, तुम्ही आत या. आत्ता या, उद्या या, रात्री या. शिपाई पाठवा. कुणी अडवणार नाही. दार अडलं तर मी उघडून देईन. पण मी कुलूप घातलं की मग आत कोण येणार ते किल्लीवाला ठरवणार. मी ठरवीन, नाहीतर तुम्ही ठरवाल. ते आम्हाला नको. परवाना ठेवून घ्या. दाराला भोक मी पाडणार नाही."

साहेबांनी झटपटकडे बघून नुसती मान हलवली. झटपटने ड्रिल काढलं. त्यात भोक पाडायचं बिट बसवताना त्याचा हात इतका हळू चालत होता की त्याच्या पाटीवरचं नाव पुसायला हवं होतं. पण शेवटी ते बसलं. त्याने ड्रिल चौकटीला टेकवलं.

"म्हणजे काय आहे की," हवालदारकाका म्हणाले.

काका हे चार शब्द बोलल्याशिवाय कुठलंच वाक्य सुरू करत नाहीत. चौकीवर तक्रार लिहायला गेलं तरी आधी हेच. साहेब त्यांच्याकडे वळले.

"म्हणजे काय आहे की साहेब, मी जातो आत. रोज. दुपारी."

"ते मला कळलं मघाशी," साहेब म्हणाले. "कशाला जाता?"

काकांनी टोपी दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती. खोटं बोलायला जागा होती. तपासणीला जातो म्हटलं असतं तर शाबासकी मिळाली असती. पण काकाही उंबऱ्यावर उभे होते. आमचा नियम त्यांना कुणी सांगितलेला नव्हता. एवढ्या दुपारी तिथे काढल्यावर लाकडातूनच लागला असेल.

"झोपायला," काका म्हणाले.

कुणी हसलं नाही. मला हसू आलं होतं, मामीने पायावर पाय दिला.

"त्या दिवशी तुम्ही नावं विचारलीत," काका पुढे म्हणाले. "मी मागेच होतो. ह्यांनी माझं नाव सांगितलं असतं तर ह्यांचं काय जाणार होतं? उलट सुटले असते. नाही सांगितलं. म्हणजे काय आहे की, एवढे महिने मी ह्यांच्या खोलीत झोपतोय, साहेब, मला कुणी कधी उठवलं नाही. संशयास्पद काही असतं तर पहिला मी मेलो असतो."

साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. जी जागा शहराला धोका म्हणून सील करायची, त्या जागेत आपलाच हवालदार रोज घोरतो, हे वर कळवायचं तरी कसं याचा ते हिशेब लावत होते.

वकीलताईंनी तो हिशेब त्यांच्या आधी लावला. चष्मा वर गेला. "आदेशात कारण लिहिलंय, साहेब. पोलिसांना केव्हाही आत जाता यावं म्हणून किल्ली. इथे पोलीस रोज आत जातो, किल्लीशिवाय. हे तुम्ही स्वतः बघितलंत, दारही त्यांनीच उघडलं, तुम्हाला उघडता येत नव्हतं. एवढं लिहून द्या. कोर्टाची तारीख लागेपर्यंत खोली उघडी राहू दे. नाहीतर मी कोर्टात हवालदारांना साक्षीला बोलावते, मग ते झोपेचं पण निघेल."

साहेब दाराकडे वळले. मग झटपटला हातानेच थांबवलं.

"दररोज दुपारी पोलीस उपस्थिती," ते सावकाश म्हणाले. "तारीख लागेपर्यंत. नोंद घ्या."

"घेतली साहेब," काका म्हणाले. या वेळी मात्र वकीलताईंनी कागद आणि पेन पुढे केलं.

झटपट आवराआवर करता करता मामाजवळ आला. "आयुष्यात एकदा तुझ्यासाठी खोटं बोललो, ते पण तू मोडलंस."

"लाकूड चांगलं आहे," मामा म्हणाला.

"मला माहीताय लाकूड चांगलंय, कपाळ माझं." आणि पिशवी खांद्याला लावून गेला.

सगळं गोड झालं असं नाही. नावांच्या यादीचं भिजत घोंगडं तसंच आहे. मागच्या गल्लीतल्या लोकांची किल्ली अजून चौकीतच आहे. वकीलताईंनी त्यांचं प्रकरणही आमच्या अर्जाला जोडून घेतलंय. तारीख लागली, पुढे गेली, परत लागली. मामाचा परवाना साहेबांच्या टेबलावर धूळ खातोय, म्हणून मामाने दुकानाची पाटी उतरवून आत ठेवली आहे. परवान्याशिवाय गिऱ्हाईक घेता येत नाही. पण झटपट रोज सकाळी एक पिशवी आणून मामाच्या पुढ्यात आपटतो, त्यात त्याला न उघडलेली कुलपं असतात. "माझाकारागीरम्हणूनकर," म्हणतो, "आणि पोटच्या पोरीसारखी वाढवू नकोस, संध्याकाळी लागतायत." मामा ती संध्याकाळी देत नाही. दुसऱ्या दिवशी देतो.

मामा मागच्या गल्लीतही जाऊन आला. त्यांना सांगितलं की ती किल्ली मीच केली होती. तिथल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी त्याला बसायला सांगितलं आणि पाणी दिलं. पुढे काय बोलणं झालं ते मामाने सांगितलं नाही. आत काय झालं ते बाहेर सांगायचं नाही, हा नियम तो दुसऱ्यांच्या खोलीलाही लावतो. फक्त त्यानंतर रविवारी तो त्यांचं मोडलेलं कपाट दुरुस्त करायला गेला.

आणि हवालदारकाका. त्यांची दुपारची डुलकी आता सरकारी कामात मोडते, म्हणून बोळातल्या सगळ्यांनी त्यांना पुष्कळ चिडवलं. पण काकांना झोप येईना. पहिल्या दिवशी ते पूर्ण गणवेशात, काठी मांडीवर आडवी घेऊन, बाकावर ताठ बसले. आमची दोन माणसं आली, काकांना बघून दारातूनच परत गेली. दुसऱ्या दिवशी एकच आलं, तेही परत गेलं. त्यानंतर कुणी आलं नाही. काका एकटेच डोळे उघडे ठेवून माठाकडे बघत बसायचे.

"म्हणजे काय आहे की," ते मामाला म्हणाले, "मी घालवतोय का तुमची माणसं?"

"हं," मामा म्हणाला. नाकातून. होकार.

काका ओशाळले. "मग करू काय? ड्युटी आहे."

मामाने वाइसशेजारची जागा मोकळी केली. "टोपी इथे ठेवा. काठी, पट्टा पण. आणि जा, पडा."

"ड्युटीवर पडू?"

"आत जायचं म्हणालेत साहेब. कसं ते नाही म्हणाले."

काकांनी टोपी ठेवली. काठी भिंतीला टेकवली. पट्टा काढला तेव्हा त्यांचं पोट सुटं झालं आणि ते पुन्हा कुणाचे तरी काका वाटायला लागले. बोळात गेले, दाराशी गुडघा टेकवल्याचा आवाज आला. बराच वेळ काही नाही. पहिल्या दिवशी परत गेलेली एक बाई आली, दुकानाशी थबकली. तिने टोपीकडे बघितलं, मामाकडे बघितलं आणि आत गेली.

मग आतून आवाज आला. कानस. थोड्या वेळाने नळ.

तेवढ्यात रस्त्यावर एक ट्रक वळला. मामाने मान वर केली, तो भिंतीपाशी गेला आणि किल्ल्या किणकिणायच्या आत त्याने दोन्ही काळे पंजे पसरून त्यांच्यावर ठेवले, ट्रक निघून जाईपर्यंत.